बेडकीला ट्रकचे ॲक्सल

बेडकीच्या मागच्या ॲक्सलचा शाफ्ट तुटला तेव्हा जावयाला आधी हसूच आलं. चढावर चाक दगडात अडकलं, त्याने जरा जास्तच जोर दिला आणि खालून काडकन आवाज आला. बेडकी म्हणजे त्याची छोटी हिरवी जीप. कुठेही उड्या मारत जायची म्हणून बायकोने तिला हे नाव ठेवलं होतं. तिला ते भलेमोठे टायर त्यानेच हौसेने चढवले होते. इवल्याशा ॲक्सलला ते झेपणार नाहीत हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं, पण हौसेपुढे कोण कुणाचं ऐकतं!

हसू फार टिकलं नाही. सोमवारी सकाळी बेडकी डोंगरावरच्या मोबाइल टॉवरच्या ऑफिसात दाखवायची होती. टॉवरची देखभाल करणारी माणसं खडकाळ वाटेने वर न्यायची, असं काम होतं. पायथ्याशी राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. अट एकच, गाडी स्वतःची हवी आणि ती वर चढून दाखवायला हवी. त्या खोल्या पाहून आल्यापासून बायको रोज एखाददुसरं भांडं कागदात गुंडाळून ठेवत होती. अर्थात बाबांच्या नकळत.

बाबा म्हणजे मिस्त्री. खाली त्यांचं वर्कशॉप, वर त्यांचंच घर, आणि त्या घराच्या मागच्या खोलीत लेक-जावई. लग्नानंतर 'दोन-चार महिने' म्हणून आलेली ही जोडी कधी हलली नाही. सासूबाई गेल्यावर तर हलायचा विषयच निघेना. वर्कशॉपमधून पाण्याचा एक पाइप सरळ वर, सगळ्या घरातून जायचा. मिस्त्रींना जावई हवा असला की ते त्या पाइपावर पान्याने ठण् ठण् ठण् करत. मग जावई दाढी करत असो, जेवत असो, की बायकोशी दोन शब्द बोलत असो. तो खाली गेला की मिस्त्री अगदी अदबीने म्हणणार, "जावईबापू, जरा येता का इकडे?" शिवी दिली असती तर भांडता तरी आलं असतं. या अहो-जाहोला नाही कसं म्हणायचं, हे त्याला कधी जमलंच नाही.

"आतला शाफ्ट दणकट टाकू," त्या दिवशी तो म्हणाला. "बाहेरची नळी जुनीच राहू दे, खालून एक पट्टी वेल्ड करू. टायर परत लहान घालतो. एका दिवसाचं काम आहे."

मिस्त्रींनी तुटका शाफ्ट उजेडात धरून पाहिला. "आणि पुन्हा तुटला तर? तिकडे डोंगरात, माझी लेक शेजारी बसलेली असताना?"

जावई खाली पडलेले पाने गोळा करू लागला.

"आपल्याकडे त्या भंगारातल्या ट्रकचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल पडलेत," मिस्त्री म्हणाले. "तेच चढवू. तुमच्या बेडकीची हत्तीण झाली म्हणून समजा."

"पण सोमवारपर्यंत..."

"मी आहे ना!"

हे 'मी आहे ना' जावयाच्या चांगलंच ओळखीचं होतं. इतकी वर्षं तो त्याच्याच खाली राहत होता.

रात्री बायकोने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"नुसता शाफ्ट बदलला तरी पुरे आहे."

"मग तसं सांगितलंत?"

"सांगितलं ना."

"आणि?"

"ट्रकचे ॲक्सल बसवतोय."

हातातली वाटी बायकोने कागदात गुंडाळली, मग पुन्हा कागद काढून वाटी फळीवर ठेवून दिली.

ट्रकचे ॲक्सल म्हणजे पाहुण्यासाठी घर बदलण्यातला प्रकार. ॲक्सल जाड, म्हणून स्प्रिंगच्या बैठका नव्या. बैठका नव्या, म्हणून गाडी उंच. गाडी उंच झाली तर इंजिनाकडून येणारा दांडा तोकडा पडला. ब्रेकच्या नळ्या पुरेनात. जुन्या ॲक्सलवरचे शॉक-ॲब्सॉर्बर अडकवायचे कान मिस्त्रींनी कटरने कापून नव्यावर लावले, तेव्हा मागे फिरायची वाटही गेली. जावई दिवसच्या दिवस गाडीखाली आडवा. छातीपासून हातभर अंतरावर लोखंड, डोळ्यांत गंज, आणि वरून मिस्त्रींचा मऊ आवाज. इथून सरपटत बाहेर पडावं आणि ओरडून 'पुरे' म्हणावं, असं त्याला कितीदा तरी वाटलं. पण दर वेळी त्याने नुसता पुढचा पाना मागितला.

आणि मोजणं! मिस्त्रींचं मोजणं हा एक सोहळाच असायचा. साधा वॉशरसुद्धा ते दोनदा मोजत. टेप कायम त्यांच्या कमरेला, तिला दुसऱ्याने हात लावायचा नाही. "तुम्ही टोक धरा, मी मोजतो." जावयाने अशी टोकं हजारदा धरली होती. आकडा कधी वाचला नव्हता.

रविवारी दुपारी काम संपलं. बेडकी नव्या पायांवर उतरली, आणि खरं सांगायचं तर दिसत होती झकास. बायको जिन्यात येऊन उभी राहिली. जावयाने इंजिन सुरू केलं, गिअर टाकला आणि गाडी शटरकडे घेतली. मिस्त्री बाजूला उभे राहून फडक्याने हात पुसत होते. एरवी गाडी बाहेर काढताना 'घ्या, घ्या, बस' म्हणून गल्ली डोक्यावर घेणारा हा माणूस आज गप्प होता.

दोन्हीकडचे टायर एकदमच दाराच्या खांबांना टेकले.

त्याने गाडी मागे घेतली, सरळ केली, पुन्हा पुढे आणली. पुन्हा टेकली. दोन्हीकडे चांगली वीतभर जास्त होती. खांब फोडायचा प्रश्नच नव्हता, त्यांच्यावर अख्खं घर उभं होतं. त्याने इंजिन बंद केलं.

"इतकं सगळं मोजलंत," तो म्हणाला, "आणि दार नाही मोजलंत?"

मिस्त्री हात पुसतच राहिले. "मोजलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"बाबा!" जिन्यातून बायको ओरडली.

"ओरडू नकोस. मला एकट्याला घास उतरत नाही, त्याला मी काय करू?" मिस्त्रींचा आवाज चिरकला. मग ते जावयाकडे वळले. "पण तुम्हाला कुणी अडवलं होतं का हो? दार तुमच्याही समोरच होतं. मला वाटलं, ज्याला जायचंय तो माणूस दार तरी मोजेल."

एवढं बोलून ते वर निघून गेले. टेप तेवढी बाकावर काढून ठेवली होती.

जावयाला भयंकर राग आला. तो मिस्त्रींवर काढायचा त्याने मनापासून प्रयत्न केला, पण राग तिथे टिकेना, फिरून फिरून त्याच्याच अंगावर येऊ लागला. कारण म्हातारा खरं बोलला होता. दोन खोल्यांची स्वप्नं बायको पाहत होती, गाडी सासरे बांधत होते, आणि हा आपला टोक धरून उभा.

त्याने टेप उचलली. "ये, टोक धर," तो बायकोला म्हणाला.

आधी दार मोजलं. मग चाकं सोडून, नुसत्या ब्रेकच्या ड्रमपासून ड्रमपर्यंत ॲक्सल मोजला. आकडा त्याने स्वतः वाचला, पुन्हा एकदा वाचला. चाकं काढली तर दोन्हीकडे दोन-दोन बोटं उरत होती.

"निघते," तो म्हणाला. "भांडी बांध."

"आधी गाडी काढा, मग भांडी," बायको म्हणाली आणि नट ढिले करायला बसली.

चारही चाकं उतरवून त्यांनी ॲक्सलखाली गिअरबॉक्स हलवायच्या ट्रॉल्या सरकवल्या. बेडकी गुडघ्यांवर चालल्यासारखी शटरपर्यंत आली आणि उंबऱ्याच्या पट्टीला अडली. दोघांनी खांदे लावले, पाय रोवले, बायकोच्या हाताची साल निघाली. पण बेडकी हलली नाही. हत्तीणच ती, दोघांना कुठली ऐकते!

जावयाने भोवती पाहिलं. मग पाना उचलला आणि पाण्याच्या पाइपावर मारला. ठण् ठण् ठण्.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं वाजली.

"बाबा," जावई म्हणाला, "जरा येता का इकडे?"

मिस्त्रींनी चाकं पाहिली, ट्रॉल्या पाहिल्या, खांबाजवळची दोन बोटं पाहिली.

"बाहेर नेऊन चाकं चढवलीत, की ही परत आत येणार नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे. मोजलंय मी."

मिस्त्रींनी मान हलवली आणि मागून खांदा लावला.