दगडावरचे तीन चौकोन

मी रिकामा चौकोन बोलतोय. संगणकाला एखादं अक्षर सापडलं नाही, की त्याच्या जागी चार रेघांची पोकळ चौकट उमटते ना, तोच मी. तुम्ही मला पाहिलं असेल आणि तोंड वाकडं केलं असेल. करा खुशाल. माझ्या हातून जे झालंय, त्यापुढे ते काहीच नाही.

माझा जन्मही घाईतलाच. अक्षरं घडवणाऱ्या माणसानं एकेका वळणावर दिवसच्या दिवस घालवले आणि मला मात्र जेवायला उठता उठता दोन मिनिटांत आखून टाकलं. "अक्षर नसेल तिथे हा बसेल," एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या जागेवर बसतो. मी आलो म्हणून कोणी खूश होत नाही, याची सवय झाली होती. लाज कशी वाटते ते मात्र एका दुकानात कळलं.

दगडावर नावं कोरणाऱ्या दोघा भावंडांचं ते दुकान. भाऊ पाथरवट, हात सोन्याचा, बोलणं मोजकं. थोरली बहीण, जिला सगळा बाजार ताई म्हणतो, संगणकावर मजकूर मांडायची आणि कागदावर छापायची. तो कागद दगडावर चिकटवून भाऊ छिन्नी चालवायचा. कागद आधी गिऱ्हाइकाला दाखवून सही घ्यायची, हा वडिलांच्या वेळेपासूनचा नियम. ताईचा दरारा मोठा. "मला माहीत नाही" हे शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते.

एक दिवस एका चिनी आजींचं काम आलं. त्यांच्या नवऱ्याच्या थडग्यावर उभारायचा दगड. त्या आजोबांनी हयात असतानाच याच दुकानात येऊन, चार दगड ठोकून बघून, पांढऱ्या शिरेचा एक निवडून ठेवला होता. येत्या रविवारी मुलगी दूरदेशाहून येणार होती आणि तिच्यासमोर दगड उभा करायचा होता. आजींनी नाव मोबाइलवरून पाठवलं, तीन अक्षरांचं.

ताईनं निरोपातलं नाव उचललं आणि मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवलं. हा प्रोग्रॅम तिनं आदल्याच आठवड्यात नव्यानं बसवला होता, सँडबॉक्समधला. म्हणजे आतून कडी लावून घेतलेल्या खोलीत राहणारा. बाहेरची बाधा नको म्हणून तो घरातल्या कपाटालाही हात लावत नाही. चिनी फॉन्ट, म्हणजे त्या अक्षरांचा अख्खा संच, नेमका त्या कपाटात, संगणकाच्या सामाईक साठ्यात. आत काही मिळेना, म्हणून प्रोग्रॅमनं मला पुढे ढकललं. एकदा, दोनदा, तीनदा.

"ताई, तिन्ही सारखीच कशी गं?" भावानं कागद हातात घेऊन विचारलं.

ताई जरा अडखळली. विचार गं बाई कोणाला तरी, असं मला ओरडायचं होतं. पण माझ्या पोटात काही असेल तर ना आवाज फुटणार!

"त्यांची अक्षरं चौकोनीच असतात," ती म्हणाली. "तू कोर. सहीसाठी आजींना कशाला हेलपाटा?"

भावानं कोरलं, आणि काय कोरलं! माझे कोपरे इतके रेखीव कधीच निघाले नव्हते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दुसऱ्याच्या नावावर बसून मी मनात फुगलो. आज सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

गुरुवारी सकाळी आजी दगड बघायला आल्या. पिशवी खाली न ठेवताच त्यांनी तिन्ही चौकोनांवरून बोट फिरवलं.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

भावानं ताईकडे पाहिलं.

"ह्यांचं नाव कुठंय?" आजींनी पुन्हा विचारलं. "रविवारी पोरगी येईल. तिला काय दाखवू मी?"

"आजी, मला ते वाचता येत नाही," ताई खाली मान घालून म्हणाली. "याने विचारलं होतं. मी उगीच माहीत असल्याचा आव आणला. चूक माझी आहे. दुसरा दगड देते."

"दुसरा नको. हा त्यांनी निवडलाय."

भाऊ दगडाला फेरी मारून आला. "मागची बाजू कोरी आहे," तो म्हणाला. "घासून रविवारच्या आत देतो. पण या वेळी कागद बरोबर हवा."

ताईनं आजींना शेजारी बसवलं. निरोपात नाव नीट दिसत होतं. साध्या लिहायच्या प्रोग्रॅममध्येही दिसलं. मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये तेवढा मी. "म्हणजे फॉन्ट घरात आहे, याच खोलीचं दार बंद आहे," ताई पुटपुटली. तिनं सेटिंगमध्ये जाऊन त्या प्रोग्रॅमला फॉन्टच्या कपाटात बघायची परवानगी दिली, तो बंद करून पुन्हा उघडला. मी तिथंच! प्रोग्रॅम अजून फॉन्टची जुनी यादी धरून बसला होता. तिनं ती यादी पुसली, आणि मी एकदाचा हटलो.

ताई उठायला लागली, तशी आजींनी तिचा हात धरला. "थांब. ही मधली रेघ आमच्याकडे अशी काढत नाहीत. शेजारच्या देशातही हीच अक्षरं लिहितात, ही त्यांची तऱ्हा."

आधीची ताई म्हणाली असती, चालतंय. ही ताई म्हणाली, "दाखवा, कशी काढतात?" आजींनी बोटानं टेबलावर काढून दाखवली. प्रोग्रॅमनं आपल्या मर्जीनं भलताच फॉन्ट पहिला धरला होता. ताईनं चिनी फॉन्ट यादीत सगळ्यात वर नेला. मग आजींनी कागदावर सही केली, आणि ताईच्याच रुमालानं डोळे पुसले.

"मागचे ते चौकोन बुजवून टाकतो," भाऊ म्हणाला.

"राहू देत," आजी म्हणाल्या. "इथं आल्यापासून ह्यांचं नाव कोणाला धड वाचता आलं नाही. ते हसायचे. हे पाहूनही हसले असते."

त्यांनी मला माफ केलं. मला स्वतःला ते अजून जमलेलं नाही.

रविवारी दगड उभा राहिला. पुढून मुलीनं वडिलांचं नाव मोठ्यानं वाचलं, तीन अक्षरं, एकेक सावकाश. मी मागच्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून ऐकत होतो. पडद्यावरून मी क्षणात पुसला जातो. या दगडावरून मात्र जाणार नाही.

एवढी एक विनंती आहे. पुन्हा कधी मी दिसलो, तर मला अक्षर समजू नका. कोणाचं तरी नाव दाराबाहेर ताटकळत उभं आहे असं समजा, आणि छिन्नी उचलायच्या आधी कडी काढा.