दरवाजाला हवी तेवढी फट

मी न्हाणीचा दरवाजा बोलतोय. घरातल्या नव्हे, बसमधल्या न्हाणीचा.

बस भंगारात निघाली, तेव्हा तिच्याच ड्रायव्हरने ती विकत घेतली. तोही नुकताच निवृत्त झाला होता. तिच्यातच संसार थाटून गावोगाव हिंडायचं, असं नवरा-बायकोने ठरवलं. सीटा निघाल्या, ओटा आला, पलंग आला. मला घडवलं बायकोच्या धाकट्या भावाने. तो सुतार. जुन्या कपाटाच्या फळ्या जोडून, रंधा मारून त्याने मला चौकटीत बसवलं आणि कडीच्या बाजूला दोन नाण्यांच्या जाडीची फट सोडली.

"ही फट कसली?" ड्रायव्हरने विचारलं.

"भावोजी, लाकूड आहे. दमट हवेत फुगणार. त्याला अंग पसरायला जागा नको?"

"आणि गाडी चालली की खडखडणार! तीस वर्षं तेच ऐकलंय मी. सरळ सांग ना, माप चुकलं म्हणून."

सुताराने हत्यारं गोळा केली आणि वाढलेलं ताट तसंच सोडून निघून गेला. बहीण हाका मारत राहिली.

दुसऱ्याच दिवशी, ती बाजारात गेलेली असताना, ड्रायव्हरने त्या फटीत लाकडी पट्टी ठोकली. माझी खडखड थांबली. स्वारी खूश.

चार महिने छान गेले. मग एका तळ्याकाठी मुक्काम पडला. तीन दिवस ऊन नाही. खिडक्या बंद, आत दोरीवर ओले कपडे, गॅसवर सारखं काहीतरी उकळतंय. ती सगळी ओल मी पीत होतो. फुगत होतो. खरं सांगतो, माझा इलाज नव्हता. चौथ्या सकाळी बायको अंघोळीला गेली, मला जोर लावून आत ओढून घेतलं, आणि मी जो अडकलो तो अडकलोच.

"अहो, दार उघडत नाहीये."

त्याने बाहेरून हिसका दिला. मूठ त्याच्या हातात आली.

"भावाला फोन करा माझ्या."

"काही गरज नाही. मी काढतो."

अर्धा तास तो माझ्याशी झटला. न्हाणीला खिडकी नव्हती.

"मला कसंतरी होतंय हो," ती आतून म्हणाली. आवाज पार खोल गेला होता.

त्याने फोन लावला. पलीकडून सुतार म्हणाला, "अडकेल कसं? फट आहे ना?"

ड्रायव्हर म्हणाला, "पट्टी ठोकलीय मी त्यात. तुझं माप बरोबर होतं रे. माझंच चुकलं. आता काय करू, सांग."

"स्क्रूड्रायव्हर घ्या. खालून पट्टीखाली घाला आणि उचकटत वर या. दाराला धक्के नकोत. आणि ताईला म्हणावं, खाली बस, मी फोनवरच आहे."

पट्टी कचकन निघाली. मी मोकळा झालो. ती घामाने निथळत बाहेर आली, पलंगावर टेकली, घोटभर पाणी प्याली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "कोणती पट्टी?"

सुतार संध्याकाळपर्यंत येऊन पोहोचला. माझी कड तासली, मूठ बसवली. ड्रायव्हरने रंध्याखालचा भुसा स्वतः झाडून काढला.

आता माझं वय झालंय. फार दमट दिवसांत मी अजूनही जरा घट्ट होतो. तेव्हा ती मला पुरता लावत नाही, नुसता लोटून घेते. मग तो उठतो, पुढे जाऊन स्टिअरिंगमागे बसतो आणि उभ्या गाडीतून समोरच्या रस्त्याकडे बघत राहतो, ती "झालं" म्हणेपर्यंत.

माझं म्हणणं एवढंच आहे. मला बसवाल तिथे बसेन, पण चिणून बसवू नका.