भैय्याजीचा बोगस माल

इतवारीतल्या भांडेओळीत वामनरावांच्या दुकानापेक्षा त्यांचं तोंड जास्त प्रसिद्ध होतं. तरुणपणी कामठीच्या छावणीत माल पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे ते कामाला होते. तिथला गोरा सार्जंट बटाट्यापासून बादलीपर्यंत जे काही परत करायचा, ते शिवी घालूनच. त्या सगळ्या शिव्या वामनरावांनी जपून घरी आणल्या. दूधवाला चीटर, नगरपालिकेचा कारकून रास्कल, बायकोचा भाऊ लोफर, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातून जे काही घेऊन येई ते कंडम, नाहीतर थर्ड क्लास. आता मराठीत कुणाला चोर म्हणून बघा! तो गचांडी धरतो, पुरावा मागतो. इंग्रजी शिवीला पुरावा कोण मागतो? डॉक्टरानं रोगाचं नाव सांगावं तशी लोक ती मुकाट्यानं ऐकून घेतात.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्र्याहत्तर साली समोरच भैय्याजीनं स्टीलच्या भांड्यांचं दुकान थाटलं आणि वामनरावांची झोप उडाली.

भैय्याजी लकडगंजचा. वयानं लहान, गोड बोलणारा, बायाबापड्यांना आधी पाणी विचारणारा. लग्नसराईत त्याच्याकडे उभं राहायला जागा नसे आणि वामनराव आपल्या गादीवर माशा हाकत ती गर्दी बघत बसत. पोटात नुसती आग. "काय आहे बाप्पा त्याच्याजवळ, जे माझ्याजवळ नाही?" ते बायकोला विचारत. माल तर दोघांचा एकाच कारखान्यातला, कधीकधी एकाच टेंपोतून उतरायचा. बायको म्हणे, "जळू नका, जेवा." पण घास घशाखाली उतरेल तर ना!

शेवटी त्यांनी ठेवणीतला शब्द बाहेर काढला. गिऱ्हाईक भाव विचारून समोर जायला निघालं की ते हळूच वाकून म्हणत, "जा, जा. पण तो माल बोगस आहे बरं. डुप्लिकेट." एखादा शहाणा म्हणालाच, की चुंबक लावून पाहू न, अस्सल स्टीलले चिकटत नाही, तर उत्तर तयार: "चुंबकाले चकवणारा नवा डुप्लिकेट निघाला आता. या धंद्यात केस पांढरे केले म्हणून सांगून राहिलो." उमरेडकडचे एक फेटेवाले शेतकरी अर्धा तास बसून हे ऐकून गेले. हळूहळू समोरची गर्दी पातळ झाली आणि वामनरावांच्या चेहऱ्यावर रया आली.

अशात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, कांताबाईच्या मुलीचं लग्न निघालं. गोपिका म्हणजे वामनरावांचा जीव. स्वतःला लेकरू नव्हतं. हिला हात धरून मांडवात आणायचं, अंतरपाटाशी उभं करायचं, हा मामाचा मान ते ती रांगत होती तेव्हापासून मनात घोकत होते. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मात्र गेले नाहीत. ऐन हंगामात दुकान बंद ठेवलं तर सगळं गिऱ्हाईक भैय्याजीकडे जाईल ना! लग्नाला नवी टोपी, नवा कोट घालून आले, रुखवताकडे गेले आणि जागीच थिजले. स्टीलचे डबे, पराती, पाण्याचे गुंड, सगळ्यांवर गोपिकाचं नाव कोरलेलं. त्यांच्या दुकानातलं एक भांडं नव्हतं. आणि पहिल्या रांगेत, खांद्यावर मानाचा दुपट्टा घेऊन, भैय्याजी!

"कांते, हे काय वं?"

"काय म्हणजे? माझ्या नणदेच्या लग्नात तू माळ्यावरचा पडीक माल गळ्यात मारला, दादा. सासरी नाक कापलं माझं. तू विसरला असशीन, मी नाही विसरली."

वामनरावांची कानशिलं तापली. सख्खी बहीण! सगळी इतवारी त्यानं नेली, आता घरचं माणूसही न्यावं? वर दुपट्टासुद्धा?

तेवढ्यात रुखवतापाशी आवाज चढला. नवरदेवाचे वडील, बापूजी भोयर, परात हातात घेऊन तिच्यावरची दुकानाची चिठ्ठी वाचत उभे होते. "भैय्याजीच्या दुकानातला माल? अरे, तो त बोगसवाला! आमाले डुप्लिकेट भांडे देता? आमी काय भिकारी आहो?" त्यांचे भाऊबंद उठले. कुणीतरी म्हणालं, चला, गाड्या जुंपा. कांताबाईचा नवरा हात जोडून उभा राहिला, भैय्याजी पांढराफटक पडला.

कांताबाई धावत आली. "दादा, तू सांग न यायले. तुले समजते मालातलं."

सगळा मांडव वामनरावांकडे बघू लागला. खरं सांगायचं तर त्यांना मनातून गुदगुल्या झाल्या. एवढ्या माणसांपुढे नुसती मान हलवली की भैय्याजीचा धंदा बसला! जीभ वळवळलीसुद्धा. त्यांनी परात उलटी केली, सुलटी केली. मग आतल्या दाराशी पिवळ्या पातळातली गोपिका दिसली. डोळे भरलेले, आणि बघत होती ती मामाकडेच.

"माल अस्सल आहे," वामनराव कसेबसे म्हणाले.

बापूजींनी चष्मा सावरून त्यांना निरखलं. "थांबा. इतवारीतले तुमीच न ते? तुमीच त मले अर्धा तास सांगितलं, समोरचा माल बोगस हाय, चुंबकालेबी चकवते म्हणून. मंग मामाजी, तवा खोटं बोलले का आता बोलून राहिले?"

वामनरावांनी परात बापूजींच्या हातात परत दिली.

"तवा," वामनराव म्हणाले. "आमचा दोघायचा माल एकाच कारखान्यातला. त्याची गर्दी पाहून मी जळत होतो जी. अजूनबी जळून राहिलो."

बापूजींनी परात खाली ठेवली. "असं सोताच्या तोंडानं कोणी खोटं सांगत नाही," ते भाऊबंदांना म्हणाले. "बसा रे सगळे."

भटजींनी हाक दिली, मुलीला आणा. वामनरावांनी डोळे पुसले, टोपी सारखी केली आणि दाराकडे निघाले. छातीवरचा धोंडा उतरला होता. पोरीचं लग्न वाचलं होतं.

दारात कांताबाई आडवी उभी राहिली.

"भैय्याजी," ती भावाच्या खांद्यावरून बघत म्हणाली, "तुमी या. पोरीले तुमी आणा."

"अहो ताई, मामा असताना मी कसा?" भैय्याजी अवघडून उठला.

"तो जळते, हे मले लहानपणापासून माहीत आहे. पण माझ्या पोरीच्या मांडवापर्यंत आग आणन, हे नव्हतं माहीत."

गोपिकानं एकदा मामाकडे बघितलं, मग मान खाली घातली. भैय्याजीनं तिचा हात धरला आणि दोघं वामनरावांच्या शेजारून पुढे गेली. मंगलाष्टकं सुरू झाली. कुणीतरी वामनरावांच्या मुठीत अक्षता दिल्या, आणि त्यांनी त्या मागच्या रांगेतून, पाहुण्यासारख्या टाकल्या.