गोदावरीची रेती

कोकणातला माणूस हसेल, पण आम्हा अमरावतीकरांच्या आयुष्यात समुद्र एकदाच येतो. निवृत्त झाल्यावर मी आणि माझी बायको गोदावरी गुहागरपासून तारकर्लीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं गेलो. जन्मभर भूगोल शिकवलेला, त्यामुळे प्रत्येक गावी माझं भाषण सुरू: नदी काय आणते, शिंपले कसे दळले जातात, लाटा जड दाणे कुठे टाकून जातात. गोदावरीला त्यात रस नव्हता. ती खाली बसून मूठभर रेती रुमालात बांधी. रत्नागिरीची काळी, तारकर्लीची पांढरी, मधल्या गावांच्या तपकिरी आणि राखाडी. घरी आल्यावर सगळ्या वेगवेगळ्या बरण्यांत गेल्या. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून मी रोज त्या बरण्या पुसत होतो. दुसरं होतं कोण घरात?

हरतालिकेला मी अकोल्याला एका जुन्या सहकाऱ्याकडे गेलो होतो. संध्याकाळी परत येऊन बघतो तर देवघरापुढे पाटावर रेतीची पिंड, वर बेलाचा ढीग, आणि ओट्यावर माझ्या बरण्या घासून पालथ्या घातलेल्या.

"हे काय करून ठेवलंस?" मी ओरडलोच.

स्वयंपाकाला येणारी आशाबाई दचकली. "सर, नदीवर रेती भेटते कुठं आता? बाई दरसाल मांडत होत्या. म्या म्हटलं, यंदा घर सुनं काहून ठेवा?"

उपासानं तिचं तोंड सुकलं होतं. राग गेला नव्हता, पण पुजलेली पिंड काही मोडता येत नाही.

सकाळी ती पाट उचलून तलावाकडे निघाली, तेव्हा मात्र मी वाट अडवली. "विसर्जन इथंच कर. बादलीत."

पिंड पाण्यात ढासळली. मी बाह्या सारून हात घातला आणि ढवळलं. काळे दाणे आधी तळाशी बसले, शिंपल्यांचा हलका चुरा वर राहिला. पुन्हा ढवळलं. काळं-पांढरं वेगळं होत होतं, पण गुहागर कोणतं आणि गणपतीपुळं कोणतं, ते काही केल्या कळेना. अख्खा किनारा एकात एक कालवला गेला होता.

"सर, काय शोधून रायले?"

"तुझ्या बाईला," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.

आशाबाई पदर खोचून समोर बसली आणि तिनंही बादलीत हात घातला. सापडणार काहीच नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. हात बाहेर काढायला मात्र कोणी तयार नव्हतं.