चटई नाकारणारी सून

या, असे जवळ सरका. दाराशी टेकलेल्या आजीबाई, तुम्हीसुद्धा पुढे या. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. हानयांग नावाच्या राजधानीतल्या एका राजपुत्राच्या बायकोची गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा पाठ आपोआप ताठ झालेली असेल, एवढं वचन देतो.

तिचं नाव जाहे. शिम घराण्याची लेक. राजाच्या धाकट्या सावत्र भावाला, राजपुत्र सोहानला दिलेली. राजवाड्यातल्या जाणत्या बायकांनी तिला पुन्हा पुन्हा पारखलं होतं. चालताना घागरा किती हलतो, जेवताना चमच्याचा आवाज होतो का, सगळं बघून मग होकार दिला. लग्न झालं आणि रीतीप्रमाणे दोघं राजवाड्याबाहेर वेगळ्या घरात राहायला गेली. राजाच्या भावानं बांबूची चित्रं काढावीत, मित्र बेतानं ठेवावेत आणि कुणाच्या डोळ्यांवर येईल एवढं हुशार दिसू नये, हाच तिथला शहाणपणा. सोहान तो मनापासून पाळायचा. खरं सांगायचं तर त्याची चित्रंही बेताचीच होती.

तरी बालंट आलंच. दक्षिणेकडे कुठं तरी कट पकडला गेला, आणि पकडलेल्यांपैकी एकानं मार खाता खाता सोहानचं नाव घेतलं. दुसऱ्याच दिवशी शिपाई आले. काय आरोप, कुणी केला, काही न सांगता राजपुत्राला होडीत घालून ग्योदोंग बेटावर नेलं आणि काटेरी कुंपणाच्या घरात कोंडलं. इकडे मंत्री राजाच्या मागे लागले, की राजवंशाच्या वंशावळीतून याचं नाव खोडा. म्हणजे उद्या त्याच्या आईला पिंडपाणी नाही, त्याच्या लेकरांना कूळ नाही.

तिसऱ्या दिवशी सोहानच्या आत्यासाहेब पालखीतून आल्या. मागच्या राजाची ही बहीण, सत्तरीची, रडून रडून डोळे सुजलेले, आणि तरी वाटेत खायला सुकवलेली पर्सिमनची फळं ओटीत घेतलेली. त्यांच्या नोकरानं गवताची एक खरखरीत चटई आणून पायरीवर ठेवली.

"सूनबाई, केस मोकळे सोड, पांढरं नेस, आणि चल. राजवाड्याच्या दारात ही चटई अंथरायची, कपाळ टेकायचं आणि 'आम्ही पापी, शिक्षा द्या' म्हणायचं. मी आतून शब्द टाकलाय. राजाला दया आली की सोहान घरी."

"पापी म्हणून घरी?"

"पापी म्हणून का होईना, घरी! तुला नवरा हवाय की मान हवाय?"

जाहे चटईकडे बघत राहिली. त्या राज्यात गवताच्या चटईवर बसलेला माणूस गुन्हा मान्य करून बसतो, हे शेंबडं पोरही जाणत होतं. तिनं आत्याबाईंना भाताच्या खरपुडीचं गरम पाणी दिलं आणि विचारलं, "आत्यासाहेब, त्या माणसानं सांगितलं तरी काय?"

आत्याबाईंनी इकडंतिकडं बघितलं. "चुसोकच्या, सुगीच्या सणाच्या दुसऱ्या रात्री म्हणे सोहाननं त्याला घरी बोलावलं. मांस वाढलं, दारू ओतली, आणि सिंहासनाचं बोलला."

"चुसोकच्या दुसऱ्या रात्री?"

"हो ना. का गं?"

जाहेनं वाटी खाली ठेवली. तिचा चेहरा दिव्याची वात वर केल्यासारखा उजळला. "आत्यासाहेब, ती माझ्या सासूबाईंची तिथी. त्या रात्री आमच्या घरात चूल मांसाचं नावसुद्धा काढत नाही. दार बंद असतं. धनी रात्रभर नैवेद्यापुढे गुडघ्यांवर असतात. खोटं बोलणाऱ्यानं सण लक्षात ठेवला, तिथी त्याला ठाऊक नव्हती!"

"मग हे मी राजाला—" आत्याबाई अडखळल्या. "मला आता नव्या वर्षाच्या मुजऱ्यापर्यंत आत कोण सोडतंय? शब्द टाकला तोही एका म्हाताऱ्या दासीच्या हातून. आणि अर्ज करशील तर ज्या मंत्र्यांना सोहान नकोय तेच तो आधी वाचणार."

"म्हणून अर्ज नाही. परवा महाराज थोरल्यांच्या समाधीला निघणार आहेत. मी वाटेत थाळी वाजवून फिर्याद घालीन."

आत्याबाईंच्या हातातलं फळ खाली पडलं. "थाळी? अगं, कोंबडी चोरीला गेली म्हणून बाजारातल्या बायका वाजवतात ती! राजघराण्याची सून तू!"

"नवऱ्यासाठी बायकोनं वाजवावी असं कायद्यात आहे. कोणती बायको, ते नाही."

"आणि वाजवणाऱ्याला आधी फटके, हेही कायद्यात आहे!"

"आहे ना," जाहे म्हणाली. "म्हणूनच तर त्या थाळीचा आवाज खरा धरतात."

परवाचा दिवस उजाडला. कोवळं ऊन, वाटेवर लाल माती टाकलेली, दोन्ही कडांना माणसांची दाटी. जाहेनं केस मोकळे सोडले नाहीत. सणाला घालतात तसा अंबाडा बांधला, राजघराण्याच्या सुनेला शोभेल असं हिरवं जाकीट घातलं आणि पालखी न घेता पायी निघाली. मागून तिची दासी साम्वोल, काखेत काशाची थाळी, डोळ्यांना धार.

"बाईसाहेब, मी वाजवते. माझी पाठ जाड आहे."

"तुझी पाठ मला पुढं खूप वर्षं लागणार आहे. दे इकडं."

निशाणं गेली, भालेवाले गेले, आणि राजाची पालखी पुलावर चढली तशी जाहेनं थाळी वाजवली. असा टणत्कार झाला की घोडे बिचकले! मिरवणूक थांबली. दंडखात्याचा प्यो नावाचा अधिकारी धावत आला, ओरडायला तोंड उघडलं, आणि समोर कोण उभं आहे हे बघून उघडंच राहिलं.

तेवढ्यात गर्दीतून आत्याबाईंचा नोकर धापा टाकत आला. जिवाच्या मायेपोटी म्हातारीनं चटई पाठवली होती. त्यानं ती जाहेच्या पायांशी अंथरली. प्योला हायसं वाटलं.

"हां, बसा बाईसाहेब, चटईवर बसा. म्हणजे मला महाराजांना सांगता येईल की क्षमा मागायला आलात. फटक्यांचा प्रश्नच उरणार नाही."

सगळ्यांच्या नजरा त्या चटईवर. एवढंसं गवत! बसली असती तर संध्याकाळपर्यंत नवरा सुटायची बोली. जाहे वाकली, तिनं चटई नीट गुंडाळली, नोकराच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "आत्यासाहेबांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, माया पोचली. चटई नको." आणि लाल मातीत गुडघे टेकून ताठ बसली.

प्यो रडकुंडीला आला. "मग मला कायदा चालवावा लागेल."

"चालवा की. मी कायद्यालाच आलेय."

घागऱ्यावरून पोटऱ्यांवर काठीवाल्यानं पहिला फटका असा घातला, जशी रजई झटकावी. जाहेनं मान वळवली.

"बाबा, घरी जेवून आला नाहीस का? नीट मार. हलक्या हातानं मारलेलीची तक्रारही लोक हलकीच धरतात."

गर्दीत कुणी तरी हसलं, आणि लगेच हुंदका दिला. पुढचे फटके खरे होते. साम्वोलनं तोंडात पदर कोंबला. जाहेनं 'आई' म्हटलं नाही. ओठ हलत होते ते फक्त बुद्धाच्या नामात.

मग पालखीचा पडदा वर झाला. राजा स्वतः म्हणाला, "सोहानच्या घरून आलात. दया मागितली असतीत तर मी दिली असती."

"दया नको, महाराज. चौकशी हवी." आवाज मंदिरातल्या समईसारखा स्थिर होता. "तो माणूस म्हणतो, चुसोकच्या दुसऱ्या रात्री माझ्या धन्यांनी त्याला मांस वाढलं. ती त्यांच्या आईची तिथी. त्याला एवढंच विचारा, की आमच्या घरात त्या रात्री काय मांडलं होतं. आईच्या नैवेद्यापुढं मांस खाणारा लेक तुमच्या वडलांच्या पोटी आला असेल, तर खुशाल नाव खोडा. मी इथंच बसते."

सोहानची आई म्हणजे राजाच्या वडलांची लाडकी राणी. लहानपणी त्यालाही तिनं मांडीवर घेतलेलं. आणि तिची तिथी तो विसरला होता! हे त्याच्या चेहऱ्यावर आलं, आणि पुलावरच्या सगळ्या मंत्र्यांनी खाली बघितलं. राजा म्हणाला, "पुन्हा विचारा त्याला. माझ्यासमोर."

पुन्हा विचारलं. तो माणूस म्हणाला, मोठी मेजवानी होती, गाणारणी होत्या. मग विचारलं, घरात त्या रात्री काय मांडलं होतं? त्याला सांगता येईना. तिथीच्या रात्री काय असतं आणि काय नसतं, हे त्या घरात पाऊल टाकलेल्या कुणालाही डोळे मिटून सांगता आलं असतं. शेवटी तो कोसळला. सोहानला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. मार थांबावा म्हणून एखादं मोठं नाव हवं होतं, बस.

पहिल्या बर्फात होडी परत आली. सोहान वाळला होता, दाढी वाढली होती. दारात जाहे उभी, एका पायावर भार देऊन. तो तिच्या पायाकडे बघत राहिला.

"चटईवर बसली असतीस तर मी पानगळीतच घरी आलो असतो," तो हळूच म्हणाला.

"आला असतात. पण माफी मिळालेला कुणी तरी आला असता. मला माझे धनी हवे होते."

सोहाननं, राजाच्या भावानं, भर अंगणात, नोकरांदेखत, बायकोपुढे कपाळ जमिनीला टेकवलं. "उठा हो," ती लाजून म्हणाली, "लोक काय म्हणतील!" आणि तो उठला नाही तशी तीही खाली बसली, त्याच्यासमोर, त्याच मातीत.

तो पाय जन्मभर थोडा ओढतच राहिला. थंडीत दुखायचा. कुणी कीव केली की ती म्हणायची, हा पाय माझ्या घरातला सगळ्यांत मानाचा सरदार आहे.

झाली गोष्ट. आता घरी जाल, निजण्याआधी बुद्धापुढे हात जोडाल, आपल्या आईवडलांची, लेकरांची नावं घ्याल. त्यांच्या शेवटी एक नाव माझ्यासाठी घ्या. शिम घराण्याच्या जाहेला आठवा.