शेवटच्याने उचलायच्या खुणा

टाचणी निघत नव्हती. गंजून ती कागदाचीच झाली होती. नखाने उचलावी तर कागद फाटणार, कागद जपावा तर टाचणी तशीच… सकाळपासूनची ही तिसरी वही, आणि मानेत, पाठीत, डोळ्यांच्या मागे कुठेतरी असा शिणवटा साठला होता, की झोपूनही तो जाणार नव्हता. त्याने टाचणी राहू दिली. राहू दे बापडी, तिला तरी कशाला छळायचं.

जेवणाच्या टेबलावर स्काउट पथकाची पंच्याहत्तर वर्षं पसरली होती — शिबिरांच्या नोंदवह्या, कडा कुरतडलेले फोटो, कसर लागलेला एक स्कार्फ. इतिहास लिहायचं काम सभेने एकमताने त्याच्या गळ्यात मारलं होतं. ‘टापटीपशिवाय कोण करणार?’ टापटीप म्हणजे तोच. हे नाव त्याला अकराव्या वर्षी पथकनायक सरांनी ठेवलं, आणि पुढे चाळीस वर्षं नकाशे काढायच्या कचेरीत दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी शाईने आखताना त्याने ते इमानाने पाळलं. रेघेबाहेर शाईचा ठिपका गेला तरी ह्याचा जीव खालीवर व्हायचा.

फोन वाजला. छापखानेवाला.

“साहेब, सगळी पानं लागली. तेवढं एक्केचाळीस राहिलंय. चारच्या आत द्या बुवा, नाहीतर मशीन दुसऱ्या कामाला लावतो.”

“देतो.”

“एक पानच तर आहे! कुठे अडलंय एवढं?”

कुठे अडलंय. बावन्न वर्षांपूर्वीच्या एका दुपारी अडलंय, असं ह्याला सांगून काय उपयोग…

त्या पानाचा मजकूर त्याने आठ वेळा लिहिला होता. ‘त्या वर्षी काही अपरिहार्य कारणांमुळे पथकनायक बदलण्यात आले.’ सुरेख वाक्य. कुणाला टोचत नाही, कुठे सांडत नाही. आणि काल सरांच्या मुलीचा फोन आला होता — परिचारिका होती, आता तीही निवृत्त. “दादा, आईने धोशा लावलाय. बाबांचं पान छापायच्या आधी वाचून दाखव म्हणते. एक्क्याण्णव संपलं तिचं. वाचाल ना फोनवर? उद्या साडेतीनला करते.” तो हो म्हणाला होता. नाही कसं म्हणणार?

त्याने वही उघडली. पान त्याला शोधावं लागलं नाही. तेराव्या वर्षीचं त्याचं स्वतःचं अक्षर, गोल, आज्ञाधारक: ‘चौथ्या संघास खुणा आढळल्या नाहीत.’

खुणा म्हणजे दगडांचे बाण. पुढे गेलेल्यांनी जमिनीवर मांडायचे, मागच्यांनी ते बघत चालायचं, आणि सगळ्यात शेवटच्या संघातल्या शेवटच्या मुलाने ते उधळून टाकायचे — रानात आपण आलो होतो हे रानाला कळता कामा नये, हा सरांचा दंडक. तो तिसऱ्या संघात शेवटचा होता. मागे वळून पाहिलं, वाट रिकामी. सगळे पुढे गेले असणार, म्हणजे शेवटचे आपणच! केवढा आनंद झाला होता त्याला… एकेक बाण त्याने मोडला, दगड लांब फेकले, पायाने माती सारखी केली, कुणी शोधून काढावं तर शपथ. चौथा संघ मागे थांबला होता — कुणाचा तरी बूट फाटला म्हणून — हे त्याला मुक्कामाच्या पाण्यापाशी पोचल्यावर कळलं. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा उन्हं होती. सर विचारत होते, “खुणा कुणी उचलल्या?” आणि मी माझ्या बुटांकडे पाहत उभा होतो, बुटांना ती माती लागलेली होती, आणि मला वाटत होतं की येतीलच ते, आत्ता येतील, मग सांगायची गरजच पडणार नाही.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. एकजण जुन्या खाणीत पडला होता. तो पुढे जन्मभर लंगडला. चौकशी झाली. सर एवढंच म्हणाले, की खुणांची जबाबदारी माझी. त्यानंतर त्यांनी गणवेश अंगाला लावला नाही. रस्त्यात भेटले की ह्याच्या पाठीवर थाप मारायचे, आणि ती थाप ह्याला चटका बसल्यासारखी लागायची. त्यांना माहीत होतं का? हे विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता विचारायला सरच नाहीत. खाणीत पडलेलाही गेल्या हिवाळ्यात गेला. आता सांगणारा कुणी नाही, पकडणारा कुणी नाही. वाट मोकळी. नुसतं ते सुरेख वाक्य छापखान्यात धाडायचं.

“अहो, जेवायचंय की उपास आहे पथकाचा?” बायको दारात उभी होती.

“नंतर.”

“नंतर म्हणजे संध्याकाळी. दोनदा गरम केलंय.” ती त्याच्याकडे पाहत राहिली. “बरं नाही का वाटत?”

“कंटाळा आलाय.”

“कशाचा?”

नीटनेटकेपणाचा, असं त्याच्या ओठांवर आलं. हसेल, म्हणून त्याने नुसती वही जवळ ओढली.

साडेतीनला फोन वाजला. मिनिटभरसुद्धा इकडेतिकडे नाही, सरांचीच मुलगी.

“दादा, आई शेजारीच बसलीये. वाचा.”

त्याने कागद उचलला. ‘त्या वर्षी काही…’ इथवर वाचलं, आणि घोडं तिथेच अडलं. पलीकडे कुणीतरी संथ श्वास घेत होतं.

“दादा?”

“अगं, हे खोटं आहे,” तो म्हणाला. “खुणा मी उचलल्या होत्या. मागे एक संघ आहे हे मी बघितलंच नाही. आणि नंतर सांगितलं नाही. तुझ्या बाबांची काही चूक नव्हती.”

झालं. एवढंच होतं तर… आता ती रडेल, शिव्या देईल, फोन आपटेल. काहीही चाललं असतं.

“काय म्हणतोय तो?” पलीकडून म्हातारा, चिरका आवाज आला.

“दादा,” मुलीचा आवाज एकदम सपाट झाला होता, “तिला ऐकू येत नाही. परत सांगा. मोठ्याने.”

“तूच सांग ना तिला…”

“नाही. तुम्ही सांगा.”

तो उभा राहिला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज काढायला त्याला सरांनीच शिकवलं होतं. तो आवाज अजून शाबूत होता.

“काकू, खुणा मी उचलल्या! सरांनी नाही! मी!”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वळून पाहू लागली.

“मग?” म्हातारी म्हणाली. “पुढं काय झालं?”

पुढं… तो त्या एका वाक्यापाशी बावन्न वर्षं थांबला होता. त्याच्या पुढेही काही असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. बूट, पाण्याची जागा, सरांचा प्रश्न, खाण, चौकशीच्या खोलीबाहेरचं बाकडं, त्याच्यावर सरांच्या शेजारी बसलेली ही काकू… सगळंच सांगावं लागणार होतं, पहिल्यापासून, ओरडून, ती विचारील तितक्या वेळा. बायको केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. चारला पंचवीस कमी होते. पान आज जाणार नाही, हे त्याला कळलं, आणि त्याची घाईच संपली. भीती मात्र होती. तेरा वर्षांच्या पोराला वाटावी तशी कोवळी, ताजी भीती, जी त्या दुपारी त्याने वाटू दिली नव्हती. त्याने खुर्ची ओढली नाही. तो उभाच राहिला.

“सांगतो, काकू,” तो म्हणाला.