हार घातलेला सर्व्हर

दादासोंच्या पशुखाद्य कारखान्यातला सर्व्हर सोमवारी सकाळी बंद पडला आणि दादासोंच्या तोंडचं पाणी पळालं.

तसा हा गडी सहजी हबकणारा नव्हता. पण त्या यंत्रात आबाजी होते. आबाजी म्हणजे दादासोंचे वडील, उभा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. गाभण मेंढीला काय चारायचं, आटलेल्या म्हशीला काय, हे सगळं त्यांनी शेवटच्या दुखण्यात अंथरुणावरून सांगितलं. कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या जरिनानं ते त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून सर्व्हरवर ठेवलं. आबाजी गेले, आणि त्यांनी सांगितलेल्या खाद्यावरच बारामतीत दादासोंचं नाव झालं.

जरिनानं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर हळदकुंकवाचा थर, उदबत्तीची राख, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. हवाच आत जात नव्हती, डिस्क तापून गेली होती. दर खंडेनवमीला दादासो स्वतः या यंत्राची पूजा करायचे, भरघोस हार घालायचे. मात्र साफसफाईसाठी यंत्र तासभर बंद करू असं जरिनानं म्हटलं, की "चालतंय न्हवं? मग हात लावू नका," हे ठरलेलं. नवा सर्व्हर घेऊ म्हटलं तरी तेच. शेवटी जरिनाची भुणभुण थांबावी म्हणून त्यांनी इंदापूरच्या डेपोत एक जादा यंत्र बसवू दिलं होतं. बारामतीतलं सगळं रोज आपोआप त्याच्यावरही उतरायचं.

"तितं असंल, दादा," जरिना म्हणाली. "पण बघितल्याबिगर सांगत न्हाय."

दोघं गाडीत बसली. लासुर्णे मागं पडलं आणि दादासोंना एकदम आठवलं. दसऱ्याच्या आधी त्यांनीच डेपोच्या नागेशला फोन करून बजावलं होतं, तिथल्या यंत्राचीही पूजा कर, हात आखडता घेऊ नको. आता हे जरिनाला सांगावं कसं? पण न सांगूनही चालणार नव्हतं. त्यांनी चाचरत सांगून टाकलं. जरिना नुसती खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिली. दादासोंना ती चार शब्द रागानं बोलली असती तर बरं वाटलं असतं.

डेपोत शिरताच दादासोंची नजर कोपऱ्यातल्या जाळीच्या कपाटाकडं गेली. कपाटाच्या कडीला सुकलेला हार लोंबत होता. कुलपाला कुंकू लावलं होतं. आतलं यंत्र मात्र स्वच्छ, सुरू.

नागेश घाबरून खुलासा करू लागला. पूजा त्याला आतच करायची होती, पण किल्ली जरिनाताईंकडं असते. त्या दर महिन्याला येऊन उघडतात, झटकतात आणि किल्ली घेऊन जातात. मग बाहेरूनच उरकलं.

जरिनानं पर्समधून किल्ली काढली. पडद्यावर एकेक नाव येत गेलं. तिनं त्यातल्या एकावर बोट ठेवलं आणि आधी खोकला ऐकू आला, मग आवाज.

"गाभण मेंढीला मका जपून. आन् मीठ इसरायचं न्हाय, पोरी."

दादासो तिथंच पोत्यावर बसले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. इतकं हलकं त्यांना वडील गेल्यापासून वाटलं नव्हतं. नागेशनं चहा आणला तो तसाच निवून गेला.

बारामतीत नवा सर्व्हर महिन्याच्या आत आला. पुढच्या खंडेनवमीला जरिना ब्लोअर घेऊन आत तो साफ करत होती आणि दादासो हातात हार धरून, चपला काढून दाराबाहेर उभे होते. मुहूर्त टळतोय, हार घालून मोकळे व्हा, असं कुणीतरी सुचवलं.

"देवाला आंघोळीआधी कुणी हार घालतं व्हय?" दादासो म्हणाले. "आमी लई वर्षं घातला. होऊ द्या तिचं."

जरिना बाहेर आली, दार ओढून घेतलं. दादासोंनी हार दाराच्या कडीला अडकवला, हात जोडले, आणि इंदापूरचं झटकायला कधी जायचं ते विचारलं.